पुढचा ब्रेक

नवी मोटारसायकल घेतली की लोक माझ्याकडे पेढे घेऊन यायचे. पेढा मी खायचो, शुभेच्छा द्यायचो आणि लगेच गाडीची किल्ली मागून घ्यायचो. बऱ्याच जणांना ते आवडत नसे. गाडी शोरूममधून नुकती आलेली, हँडलला झेंडूचा हार, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, आणि हा गॅरेजवाला किल्ली खिशात टाकून म्हणतो, चला गावाबाहेरच्या मैदानावर. धुळ्यात माझ्या या खोडीचा बराच बोभाटा झाला होता. त्याच्याकडे नवी गाडी नेऊ नका, तो मास्तरासारखी परीक्षा घेतो, असं लोक एकमेकांना सांगायचे. सांगोत बापडे.

परीक्षा एकाच विषयाची असायची, पुढच्या ब्रेकची. आपल्याकडे सायकल शिकवताना बाप पोराला पहिली गोष्ट सांगतो, पुढचा ब्रेक दाबू नको, तोंडावर पडशील. पोरगा मोठा होतो, नोकरीला लागतो, मोटारसायकल घेतो, तरी ते वाक्य त्याच्या डोक्यातून जात नाही. मी अशा गाड्या पाहिल्यात, ज्यांच्या मागच्या ब्रेकचे लायनर तीनदा बदलले आणि पुढचे जसे आले तसे कोरे. सायकलला ते चालतं. ताकदीच्या गाडीला चालत नाही. ब्रेक मारला की गाडीचं आणि बसलेल्यांचं सगळं वजन पुढच्या चाकावर येतं. मागचं चाक हलकं होतं आणि नुसतं घासत जातं. गाडी थांबवतो तो पुढचा ब्रेक. फक्त तो हिसका देऊन दाबायचा नाही, लिंबू पिळतात तसा आवळत न्यायचा, आणि वाळूत, मातीत, वळणावर जपून वापरायचा. हे मी प्रत्येकाकडून चाळीस वेळा करून घ्यायचो. बाकीचं तोंडी सांगायचो. पहिला महिनाभर मूठ अर्ध्याच्या पुढे पिळू नका, कारण मोठी गाडी अर्ध्यानंतर एकदम उचलते. मागे बाईमाणूस एका बाजूला पाय सोडून बसलं असेल तर ते आपल्या भरवशावर बसलंय, हे विसरू नका. कोणी पैज लावली तर गाडी बंद करा आणि चहा प्यायला जा.

मला हे सगळं माहीत होतं. फार आधीपासून माहीत होतं. माहीत असूनही मी एका माणसाच्या गाडीचा पुढचा ब्रेक स्वतःच्या हाताने ढिला केला, आणि तो माणूस माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा होता.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. आमची धुळ्याच्या देवपुरात पिठाची गिरणी होती आणि मी आग्रा रोडवर नुकतंच गॅरेज टाकलं होतं. बहिणीचं लग्न भडगावच्या मुलाशी ठरलं. तो तालुक्याच्या कचेरीत कारकून, गिरणा नदीच्या काठी थोडी शेती, घर चांगलं. हुंडा घेत नाही, असं त्यांनी बैठकीत तीनदा सांगितलं, आणि मग मुलाच्या काकांनी जाता जाता म्हटलं, मुलाला गाडीची हौस आहे. आमच्याकडे हुंडा म्हणायचं नसतं, जावयाची हौस म्हणायचं असतं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शंभर सीसीची गाडी सुचवली. त्या तेव्हा नव्या आल्या होत्या, हलक्या, नवशिक्याला सोयीच्या. जावयांना ती पसंत पडली नाही. त्यांना साडेतीनशे सीसीची, दोन सायलेन्सरची हवी होती. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की घरातली भांडी थरथरली पाहिजेत, असं ते हसत म्हणाले. त्यांनी तोवर एका मित्राची छोटी गाडी दोन-चार वेळा चालवली होती, एवढाच त्यांचा अनुभव. मी आबांना म्हटलं, ही गाडी त्यांना झेपणार नाही. आबा म्हणाले, जवाई म्हंजे दहावा ग्रह, त्याना पुढे आपलं काय चालस.

लग्न माघात झालं. चार दिवसांनी दोघं परतणीला आमच्याकडे आली तेव्हा गाडी द्यायची, असं ठरलं होतं. मी ती जळगावच्या शोरूममधून आणली. सबंध रस्ताभर मला त्या गाडीचा मोह पडला होता हेही कबूल करतो. एरंडोलच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला तेव्हा मूठ पिळली, आणि गाडीने अशी उडी घेतली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याकडे तेव्हा स्वतःची सायकल होती. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करायच्या आणि संध्याकाळी सायकल मारत घरी यायचं. ही गाडी मी आणली, मी पुसली, आणि किल्ली दुसऱ्याच्या हातात दिली.

संध्याकाळी जावई गल्लीत गाडी चालवायला निघाले. अंगावर लग्नातला सफारी. ओट्यांवर बाया, दारांत म्हातारे, सगळी गल्ली बघायला उभी. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, पाहुणे, पुढचा ब्रेक एकदम दाबू नका, तिथे वाळू पडलीय. समोरच्या घराचं बांधकाम चालू होतं. ते मोठ्याने म्हणाले, "मेव्हणे, तुम्ही नटबोल्ट बघा. चालवायचं आम्ही बघतो." लोक हसले. मीही हसलो, मुलीकडच्याला हसावंच लागतं.

ते गेले, वळले आणि परत येताना वाळूच्या ढिगाशी घाबरून त्यांनी पुढचा ब्रेक करकचून दाबला. गाडी आडवी झाली आणि ते सफारीसकट वाळूत पडले. लागलं काही नाही. पण त्यानंतर जे झालं ते आमच्या लोकांनाच जमू शकतं. कोणी म्हणजे कोणी हसलं नाही. जावई पडला, असं कोणी पाहिलंच नव्हतं. आमची एक आत्या ओट्यावरून म्हणाली, "आठली जमीनच उंचनीच शे." दुसरी म्हणाली, "गाडीच भारी शे, जवाई काय करतीन." रात्रीच्या जेवणापर्यंत तेच पक्कं झालं की गाडी पडली. जावई पडले असं म्हटलं असतं तर त्यांना शिकवावं लागलं असतं. गाडी पडली म्हटल्यावर शिकवायचं कोणाला?

जेवणं झाल्यावर आबांनी मला मागच्या अंगणात बोलावलं. ते म्हणाले, "सकाय पाव्हना गाडीवरच निंघतीन. बठ्ठासमोर परत पडाले नको. तुले काही करता येस का दख."

पाहुणे सकाळी सगळ्यांसमोर पुन्हा पडू नयेत म्हणून मला काय करता येत होतं? पुढच्या ब्रेकची केबल हँडलपासून चाकापर्यंत जाते. चाकाच्या बाजूला तिच्या टोकाशी एक छोटा नट असतो. तो एका बाजूला फिरवला की केबल ताणते, दुसऱ्या बाजूला फिरवला की सैल पडते. मी सकाळी उठून गाडी पुसायच्या निमित्ताने खाली बसलो आणि तो नट सैल केला, हँडलवरचा लिव्हर मुठीला टेकला तरी पुढचं चाक जागचं अडणार नाही इतका. आता त्यांनी कितीही घाबरून दाबला तरी ते तोंडावर पडणार नव्हते. आठ दिवस हात बसू दे, मग ताणून देऊ, असं मी मनाशी म्हटलं.

हे झालं सगळ्यांना सांगता येईल असं कारण. दुसरंही एक होतं. नट फिरवताना मला गंमत वाटत होती. हा माणूस मला नटबोल्ट बघायला सांगतो, तर बघतो मी नटबोल्ट. तो लिव्हर दाबत राहील, काही होणार नाही आणि त्याला ते कळणारही नाही. मी कोणाचं वाईट चिंतलं नव्हतं, पण ते घाणेरडं सुख माझ्या मनात होतं, आणि ते आजही मला आठवतं तेव्हा स्वतःची किळस येते.

युक्ती फळाला आली. दुसऱ्या दिवशी जावई सगळ्यांच्या देखत बहिणीला मागे बसवून निघाले आणि पडले नाहीत. आबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी काय केलं ते त्यांनी तेव्हाही विचारलं नाही आणि पुढे मरेपर्यंत विचारलं नाही.

आठ दिवसांचे तीन महिने झाले. होळीला जावई येऊन गेले, गाडी आमच्या दारात दिवसभर उभी होती. मला फक्त किल्ली मागायची होती आणि दोन मिनिटं खाली बसायचं होतं. पण किल्ली मागितली तर ते विचारणार, का? मग सांगावं लागणार, की तुम्ही पडू नये म्हणून मी तुमचा ब्रेक काढून ठेवला होता. एवढं बोलायची माझी हिंमत नव्हती आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. नट बाहेरच्या बाजूलाच होता, किल्लीशिवायही हात पोचला असता. पण त्या दिवशी दारात सारखी माणसं होती, आणि मी स्वतःला म्हटलं, पुढच्या वेळी.

पुढची वेळ म्हणजे आखाजी, अक्षय्य तृतीया. खानदेशात दिवाळीला एकवेळ मुलगी आली नाही तरी चालतं, पण आखाजीला ती माहेरी यायलाच हवी, त्यातही लग्नानंतरच्या पहिल्या. भाऊ जाऊन घेऊन येतो. मी एसटीने भडगावला जायचं ठरलं होतं. दोन दिवस आधी निरोप आला की येऊ नका, जावई स्वतः गाडीवर घेऊन येताहेत. मला थोडा राग आला, की एवढाही मान आपल्याला नाही. आणि सुटकाही वाटली, की चला, गाडी येतेच आहे, या वेळी मागच्या गल्लीत नेऊन करून टाकू.

लिंबाला झोका बांधलेला होता. आई सकाळपासून पुरणाला बसली होती. अकराच्या सुमाराला एसटीचा एक ओळखीचा कंडक्टर सायकलवरून आला आणि दारातच उभा राहिला. पाणी घ्या म्हटलं तर नको म्हणाला. पारोळ्याच्या अलीकडे विटांची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर शिवारातल्या वाटेने एकदम रस्त्यावर आला होता, आणि गाडी ट्रॉलीखाली गेली होती. दोघांना धुळ्याच्या सिव्हिलला आणलंय, एवढंच तो बोलला.

जावई रस्त्यातच गेले होते. बहीण मागून फेकली गेली होती, तिच्या मांडीचं हाड मोडलं होतं. ती शुद्धीवर होती आणि नवऱ्याचं विचारत होती. दोन दिवस तिला कोणी सांगितलं नाही. मी तिच्या खाटेशी बसायचो आणि ती माझा हात धरून म्हणायची, ते बरे आहेत ना, तू खोटं नाही बोलणार. मी म्हणायचो, बरे आहेत.

दुसऱ्या दिवशी मी त्या जागी जाऊन आलो. कोणी पाठवलं नव्हतं. डांबरावर एक काळी रेघ होती, वीस-बावीस पावलं लांब, शेवटी तिरकी झालेली. एकच रेघ. गॅरेजवाल्याला ती वाचता येते. मागचं चाक जाम करून माणूस घसरत गेला होता आणि पुढच्या चाकाने काहीही केलं नव्हतं. माझ्याच हातच्या त्या नटामुळे केलं नव्हतं. मी एसटी धरून परत आलो.

चौथ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेलो, सामान ताब्यात घ्यायला. गाडी आवारात लिंबाखाली उभी होती. टाकी चेपलेली, हँडल वाकडं, पुढच्या चाकाची वाटी झालेली. हवालदार सज्जन माणूस होता. तो म्हणाला, तुम्ही गॅरेजवाले ना, जरा ब्रेक बघून सांगा, म्हणजे मला लिहिता येईल. मी मागचा ब्रेक दाबला. पुढचा लिव्हर दाबला, तो मुठीला जाऊन टेकला. हवालदार पाठ फिरवून चहावाल्याला हाक मारत होता. मी खाली बसलो. नट धुळीने घट्ट झाला होता, पण बोटांनी फिरला. मी तो पुरता ताणला, उठलो, हात पँटला पुसले आणि म्हणालो, दोन्ही ठीक आहेत.

त्याने तसं लिहून घेतलं. कागदावर मग एकच कारण उरलं, चालक भरधाव आणि हयगयीने येत होता. ढिला ब्रेक मी एकदाच केला होता. हे मात्र मी मेलेल्या माणसाच्या नावावर कायमचं लिहून दिलं.

जावयांचे वडील पुढे महिनाभराने आमच्या घरी आले. भडगावात सगळे त्यांना नाना म्हणायचे. त्यांनी कागदाची घडी माझ्यासमोर उघडली आणि विचारलं, "तुम्ही गाड्यांतले. तुम्ही सांगा. माझा मुलगा इतका वेडावाकडा चालवायचा का?" मी म्हणालो, "नाना, गाडीच फार ताकदीची होती." तेव्हाही दोष गाडीचाच. ते घडी करून तो कागद परत खिशात ठेवत होते आणि त्यांना ती घडी नीट घालता येत नव्हती. मला तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत आम्ही दोघंच होतो.

बहीण वर्षभर सासरी राहिली. अंगात मस्ती होती म्हणून मेला, हे तिने येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडून ऐकलं, आणि पायगुण हा शब्दही ऐकला. मग ती परत आली, एक पाय ओढत. ती धडपडीची निघाली. जळगावला राहून डी.एड. केलं, असोद्याच्या बाजूच्या एका शाळेत शिक्षिका झाली, खोली घेऊन एकटी राहू लागली. लग्नाचं विचारलं की विषय बदलायची. माझ्याशी बोलताना ती हळूहळू पुस्तकी मराठीत बोलायला लागली. मला वाटायचं, नोकरीमुळे असेल.

आणि मी नवशिक्यांना मैदानावर नेऊ लागलो. शेकडो लोकांना नेलं असेल. त्यातले काही वाचलेही असतील. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तो मारुती मी अशा रीतीने पुसू बघत होतो, पण ते पुसलं जात नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत बहीण धुळ्याला आली होती. दुपारी ती गॅरेजवर आली, स्टुलावर बसली. मी एका बँकेतल्या माणसाला झापत होतो. त्याने मोठी गाडी घेतली होती आणि पुढच्या ब्रेकला हात लावायला तो तयार नव्हता. तो शेवटी चिडून म्हणाला, "अहो, पुढच्या ब्रेकशी तुमचं एवढं काय आहे?" तो गेला. बहीण माझ्याकडे बघत होती. चहा आला, तो आम्ही दोघांनी घेतला नाही.

मी तिला सगळं सांगितलं. वाळू, आबांचं बोलणं, नट. नट फिरवताना गंमत वाटली होती तेही सांगितलं. पोलीस ठाण्यातलं सांगितलं, नानांचं सांगितलं. माझा आवाज फुटत होता आणि मला त्याचाही राग येत होता, की रडायचा हक्क हिचा आणि रडतोय मी.

तिने हातातल्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, "माले म्हाईत व्हतं."

कितीतरी वर्षांनी ती माझ्याशी आमच्या बोलीत बोलली होती. मग पुन्हा शाळेतल्यासारखं, सावकाश बोलू लागली. "दोन्ही ब्रेक ठीक होते असं लिहिलंय, हे कळलं तेव्हाच मला कळलं तू काय केलंस. कारण पुढचा लागत नाही हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. होळीनंतर त्यांच्या लक्षात आलं. भडगावला एकाला दाखवून घेतो म्हणाले. मीच नको म्हटलं. म्हटलं, माझ्या भावाने दिलेली गाडी आहे, त्याने ढिला ठेवला असेल तर काही विचार करूनच ठेवला असेल, दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नका."

मी म्हणालो, मग मला कळवायचं.

"त्यांना लाज वाटत होती. मेव्हण्याला त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललो, आता कोणत्या तोंडाने सांगू, असं म्हणायचे. मी म्हटलं, मी सांगते." ती उठली आणि पदर सारखा केला. "आखाजीला मी तुझ्याबरोबर एसटीनेच येणार होते. गाडी तुला दाखवायची होती, म्हणून गाडीवर निघालो."